‘मी’ची पुस्तकं: एका वाचन-प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी

हाताला येईल ते वाचायची सवय मोडायची म्हणून हा प्रकल्प. नियम एकच: ज्या पुस्तकात ‘मी’ बोलतो तेच घ्यायचं. कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, रोजनिशी, काहीही चालेल. घडलेलं आहे की रचलेलं, याची चौकशी करायची नाही. मी समीक्षक नाही, कामं उरकल्यावर तासभर वाचणारी बाई आहे. त्यामुळे ‘निवेदनतंत्र’ वगैरे जड शब्दांना वहीत प्रवेश नाही.

वहीत रकाने आखले: कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, घडून किती काळ लोटलाय, काय लपवतंय. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवलाय. सांगणारा माणूस म्हटला की लपवाछपवी आलीच.

१२ जानेवारी

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). छोटी आहे, म्हणून सुरुवातीला घेतली.

औंध संस्थानातली धनगरांची वाडी आणि तिथल्या शाळेवर नेमलेला पोरसवदा मास्तर. मास्तर ‘मी’ म्हणून सांगतो खरा, पण पुस्तक संपल्यावर आठवायला बसले तर त्याच्याबद्दल फारच थोडं हाताला लागलं. कारभारी दिसतो, आनंदा रामोशी दिसतो, आयबू दिसतो, मास्तर मात्र कोपऱ्यात उभा. शेकूकडे एकच बैल आहे, तर जोडीला त्याची बायको स्वतः जुंपून घेते. हा प्रसंग दुसऱ्या कुणी लिहिला असता तर दोन पानं हळहळ ओतली असती. इथे मास्तर बघतो आणि सांगतो. हळहळ आपली आपण करायची.

तालमीचं बांधकाम मला थोडं लांबल्यासारखं वाटलं. राजेसाहेब उद्घाटनाला येतात तो भाग मात्र फार मजेचा. त्यानंतर दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून निघतात. एवढी मेहनत घेऊन उभी केलेली तालीम कुणासाठी, हा प्रश्न मास्तर विचारतच नाही.

‘काय लपवतंय’च्या रकान्यात लिहिलं: स्वतःला.

२४ जानेवारी

‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९). लहानपणी संक्षिप्त वाचलेला, आता सबंध. संक्षिप्त करणाऱ्यांनी नेमका कणा काढून टाकला होता असं दिसतं. ती साहसकथा होती, हे मूळ पुस्तक म्हणजे हिशेबाची वही आहे.

क्रूसो बेटावर लागतो आणि काही दिवसांत स्वतःच्या नशिबाचा जमाखर्च मांडतो. एका बाजूला वाईट, दुसऱ्या बाजूला चांगलं, अगदी खतावणीसारखं. मग ३० सप्टेंबर १६५९ पासूनची रोजनिशी देतो, आणि तीत आधी सांगून झालेल्याच गोष्टी पुन्हा येतात. संपादकानं हे कसं चालू दिलं देव जाणे. वाचताना जांभया आल्या. शेवटी शाई संपत येते म्हणून रोजनिशी बंद पडते, तेव्हा क्रूसोपेक्षा मला हायसं वाटलं.

पण एक जागा आहे, तिच्यासाठी सगळं माफ. फुटलेल्या जहाजावर सामान शोधताना त्याला छत्तीस पौंडांच्या आसपास रोकड सापडते. तो हसतो, त्या पैशाला उद्देशून भाषण ठोकतो: तुझा आता काय उपयोग, यातला एक सुरा तुझ्या ढिगापेक्षा मोलाचा. आणि भाषण संपल्या संपल्या, जरा विचार करून, पैसे गुंडाळून बरोबर घेतो. मी मोठ्यानं हसले. हा माणूस खोटा असता तर पैसे समुद्रात फेकले असते.

२५ जानेवारी

कालचं डोक्यातून जात नाही, म्हणून नवा रकाना: ‘पैशाचं काय?’ ‘मी’ म्हणणारा माणूस पैशाबद्दल बोलतो का, किती आले, कुठून आले, कुठे गेले हे सांगतो का. दादानं वही पाहिली आणि म्हणाला, “अगं, तू वाचतेस की ऑडिट करतेस?”

बनगरवाडी पुन्हा चाळली. मास्तर स्वतःच्या खिशाबद्दल कमी बोलतो, पण वाडीत कुणाकडे काय आहे आणि काय नाही हे त्याला चोख ठाऊक आहे. शेकूचा एक बैल हाही हिशेबच.

७ फेब्रुवारी

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३). मी हिला फार वर्षं टाळत आले. ज्यांनी ज्यांनी वाचायचा आग्रह केला ते सगळे डोळे मोठे करून बोलायचे, म्हणून.

पहिली शंभरेक पानं सांगणाऱ्या पांडुरंग सांगवीकरवर चिडून काढली. बापाच्या पैशावर शहरात शिकतो, शिकत नाही, त्याच बापाला नावं ठेवतो, आणि सारखं ‘वगैरे’. ‘मी’ इतका जाड की आजूबाजूची माणसं दिसेनात. बनगरवाडीच्या बरोब्बर उलट. मग वसतिगृहाच्या उचापती सुरू झाल्या आणि हसू यायला लागलं. पण खरं पुस्तक मनीपाशी आहे. ही धाकटी बहीण देवीच्या आजारानं जाते आणि इतका वेळ टवाळी करणाऱ्या माणसाची वाक्यंच मोडतात. तिथे मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. आधीचा सगळा आगाऊपणा या एका जागेसाठी लागत होता की काय, असं वाटून गेलं. नीट सांगता येत नाही.

इतिहासाची थट्टा करणारा भाग मित्रमंडळींना थोर वाटतो. मला कॉलेजच्या स्नेहसंमेलनातल्या नकलेसारखा वाटला. हुशार आहे, पण लांबला आहे.

पैशाचा रकाना: पैसे आहेत, हिशेब नाही. आणि हिशेब नसणं हाच बाप-लेकातला तंटा. म्हणजे रकाना इथेही चालतो.

१९ फेब्रुवारी

विष्णुभट गोडसे, ‘माझा प्रवास’. आजवरच्या यादीत पहिला नंबर. आज बरंच लिहिणार आहे.

पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, असं कानावर येतं आणि चुलत्याबरोबर तो १८५७ मध्ये निघतो. नेमक्या त्याच वर्षी! वाटेत बंड सुरू. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा माणूस झाशीत, शहर पडतं तेव्हाही झाशीत. इतिहासाच्या ऐन मध्यावर उभा, पण आला होता कर्ज फेडायला, आणि हे तो एकदाही विसरत नाही. किती दक्षिणा मिळाली, ती कमरेला कशी बांधली, कुणी कशी काढून घेतली, सगळं सांगतो. झाशीच्या लुटीचीसुद्धा वर्गवारी देतो: आधी रोकड आणि सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडेलत्ते. कत्तलीची वर्णनं अंगावर येतात. ती लिहिणारा माणूस वीर नाही, इतिहासकार नाही, घाबरलेला गृहस्थ आहे, म्हणूनच येतात.

राणीची भेट आपण ऐकून असतो. झाशीतून निसटून काल्पीच्या वाटेवर, विहिरीपाशी. पुरुषी वेष, धुळीनं भरलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, मी काढून घेते, म्हणते आणि स्वतः पोहरा ओढून ओंजळीनं पिते. वाचताना लक्षात आलं, गोडसे इथे राणीची महती गात नाहीत. त्यांना सगळ्यात जास्त जाणवतं ते हे की एवढ्या मोठ्या बाईला पाणी स्वतः काढावं लागलं. पुतळे बघून राणी जेवढी समजली नव्हती तेवढी त्या ओंजळीनं समजली.

हे सगळं लिहिलं गेलं बंडानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. छापलं गेलं १९०७ मध्ये, तेही वैद्यांनी काटछाट करून आणि आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापला. वाचायचंच तर पोतदारांचं वाचावं. भटजींच्या बोलण्याला इस्त्री केली की मजा गेली.

पैसे बहुतेक लुटले गेले. घरी आले ते गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्यानं आईवडिलांना स्नान घातलं. कर्जाचं पुढे काय, हा माझा प्रश्न. माझ्याइतकी काळजी भटजींना त्या क्षणी नव्हती.

२० फेब्रुवारी

‘काय लपवतंय’ या रकान्यात गोडसेंसमोर काहीच सुचत नाही. भीती लपवत नाहीत, लोभ लपवत नाहीत. रकाना कोरा ठेवला.

६ मार्च

‘श्यामची आई’ (१९३५), मोठेपणी पुन्हा. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहायला घेतलेलं पुस्तक. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. ‘कुणाला सांगतंय’ हा रकाना भरायला इतकं सोपं पुस्तक दुसरं मिळणार नाही. पण त्या ऐकणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. त्यांना प्रश्न पडतात ते श्यामला उत्तर देता यावं म्हणूनच.

पायांना माती लागू नये म्हणून हट्ट करणारा श्याम आणि धोंड्यावर ओलं लुगडं पसरणारी आई. तळवे घाण होऊ नयेत म्हणून जपतोस तसा मनालाही जप, हे ती बोलते आणि पुस्तक तिथे मला गमावतं. लुगडं पुरेसं होतं की! बहुतेकांना नेमकं ते वाक्यच पाठ असतं, त्यामुळे माझं मत अल्पमतात जमा.

कर्जाची रात्र मात्र यावेळी वेगळी वाचली गेली. वसुलीचा माणूस दारात बसून वाटेल ते बोलतो आणि आई ते ऐकते. लहानपणी मला यातलं काहीच आठवत नव्हतं, रडवणारे प्रसंग तेवढे आठवत होते. आता वाटतं, हे पुस्तक आईच्या मायेवर कमी आणि घर हळूहळू खचत जाण्यावर जास्त आहे. पैशाचा रकाना भरगच्च.

१५ मार्च

‘ड्रॅक्युला’ (१८९७). प्रकल्पात भुताला जागा आहे का? आहे, कारण हे पुस्तक निव्वळ रोजनिश्या, पत्रं, तारा आणि जहाजाच्या नोंदवहीचं बनलंय. पाचसहा ‘मी’. फक्त काउंट ड्रॅक्युलाला, म्हणजे रक्त पिणाऱ्या त्या भुताला, स्वतःच्या तोंडानं गोष्ट सांगायची संधी नाही.

पहिले चार अध्याय, वाड्यातले, उत्तम. मधला भाग रेंगाळतो. काउंटच्या तावडीत सापडलेल्या लूसीला रक्त देण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा आले की डॉक्टर मंडळींच्या डोक्यात उजेड पडायला एवढा उशीर का, असं होतं.

मला आवडलेली गोष्ट भुताची नाहीच. डॉक्टर सुअर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतात. महिने उलटल्यावर त्यांच्या लक्षात येतं की यातला हवा तो भाग नेमका काढून ऐकायचा कसा, हे त्यांना माहीतच नाही. जोनाथनची बायको मीना टाइपरायटर घेऊन बसते आणि सगळ्यांच्या नोंदी टंकलिखित करते, कार्बन प्रतींसकट. पुढे काउंट येऊन कागद जाळतो, पण दुसरी प्रत तिजोरीत असते. सुळे, लसूण, क्रूस हे ठीक आहे, पण या मंडळींना वाचवलं ते मीनाच्या टंकलेखनानं. तिचा पुस्तकात पुरेसा सन्मान होत नाही याचा मला राग आहे.

पैशाच्या रकान्यासाठी बक्षीस मिळालं. जोनाथन मोठ्या सुऱ्यानं काउंटवर वार करतो, वार कोटावर बसतो, आणि फाटलेल्या कोटातून रक्त नाही, नोटांची गड्डी आणि सोन्याची नाणी सांडतात. काउंट पळता पळता वाकून मूठभर नाणी उचलतो आणि खिडकीतून उडी टाकतो. शेकडो वर्षं जगलेला, लोकांच्या माना फोडणारा हा राक्षस, आणि सुटे पैसे सोडवत नाहीत! सबंध पुस्तकात मला तो इथेच खरा वाटला.

३० मार्च

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. सावकाश वाचली, मुद्दाम.

पहिला भाग १९३४ चा. लिहिणारी बाई तेव्हा पासष्टी ओलांडलेली, शाळेत न गेलेली. आयुष्य असं की दुसऱ्या कुणी त्यावर सूड उगवणारं पुस्तक लिहिलं असतं. वडिलांना सोवळ्याचं वेड, इतकं की घरात मीठसुद्धा धुवून घ्यायचं. लहानपणीच लग्न. नवरा कवी ना. वा. टिळक, नोकऱ्या धरणारा आणि सोडणारा, हातात पैसा न टिकणारा, न सांगता निघून जाणारा. १८९५ मध्ये तो ख्रिस्ती होतो आणि बाई काही वर्षं वेगळी राहते. मग १९०० मध्ये तीही, आपल्या विचारानं आणि आपल्या गतीनं.

हे सगळं ती हसत सांगते, आणि हसताना कुणाला सोडत नाही, स्वतःला तर नाहीच. टिळकांचा राग, टिळकांचं औदार्य, टिळकांचं वेंधळेपण एकाच दमात. ती त्यांच्यावर प्रेम करते हे ती कुठे म्हणत नाही. त्यांचा उच्चार ‘टिळक’ असा करते आणि मग त्यांची फजिती सांगते. मला तर वाटलं हीच त्यांच्या संसाराची रीत असणार.

मिठावर परत येते. मीठ धुतलं की काय उरतं? ती यावर काही बोलत नाही, वडिलांना वेडं ठरवत नाही. घरातल्या पोरांनी आणि बायकांनी ते कसं निभावलं तेवढं सांगते. त्या एका तपशिलात सोवळ्याबद्दल दहा भाषणं मावतात. पुढे जातपात तिच्या मनातून गळून पडते, तेव्हा वाचणारीला धक्का बसत नाही. ज्या मुलीनं मीठ धुतलं जाताना पाहिलंय तिला हे कधीतरी कळणारच होतं.

पैशाचा रकाना: टिळक देऊन टाकतात, ही जमवते. देणाऱ्याचं चरित्र लोक लिहितात. पुढे काय शिजवायचं हा प्रश्न जिला पडायचा तिनं लिहिलं म्हणून हे पुस्तक असं झालं.

शेवटाकडचे भाग सुरुवातीच्या तोडीचे नाहीत, हेही लिहून ठेवते. टिळक गेल्यावर (१९१९) पुस्तकातला भांडायला हक्काचा माणूस जातो आणि ते जाणवतं.

८ एप्रिल

एका यशस्वी उद्योजकाचं आत्मकथन कुणीतरी भेट दिलेलं. साठेक पानांनंतर सोडलं. नाव लिहीत नाही. संपूर्ण पुस्तक पैसे कमावण्याबद्दल, आणि एकाही पानावर आकडा नाही. पहिलं भांडवल ‘कसंबसं जमवलं’. कसंबसं म्हणजे कसं? सासऱ्यांनी दिलं असणार, अशी माझी शंका. पुढचं.

२० एप्रिल

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८). हे पुस्तक संभाषणानं उघडतं: दया पवार आणि दगडू मारुती पवार. एकच माणूस, पण शिकून सवरून बाहेर पडलेला एक आणि मागे राहिलेला एक. दगडू सांगतो, दुसरा ऐकतो. ‘कोण सांगतंय’ आणि ‘कुणाला’ हे दोन्ही रकाने इथे एकमेकांत घुसले.

मुंबईतला कावाखाना, गोदीत राबणारे वडील, रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, भंगार वेचून विकणाऱ्या बायका. आणि दुसरीकडे गाव, जिथे महारकीच्या कामांचा मोबदला पैशात नाही, बलुत्याच्या धान्यात. इथे पैशाचा रकाना आखायची गरजच नाही, अख्खं पुस्तक त्याच रकान्यात उभं आहे.

सगळ्यात अवघड वाटलं ते दगडूचं स्वतःबद्दलचं बोलणं. लाज वाटलेल्या गोष्टी, बायकोशी वागणं, घाबरून गप्प बसलेले प्रसंग. आपल्यावर झालेला अन्याय सांगणं आणि आपण केलेला सांगणं, दोन्ही एकाच आवाजात. काही ठिकाणी मला त्याचा राग आला, आणि राग यावा अशी सोय त्यानंच करून ठेवलीय. मधे मधे माणसांची गर्दी इतकी होते की नावं निसटतात. मी निसटू दिली.

२२ एप्रिल

दादाचा आक्षेप: “हिशेब देणारा माणूस खरा, हे तुझं म्हणणं. मग क्रूसोनं झुरीला विकलं त्याचं काय?” मुद्दा बिनतोड आहे. झुरी म्हणजे गुलामगिरीतून क्रूसोबरोबर पळालेला पोरगा, त्याच्यासाठी जीव द्यायला तयार असलेला. क्रूसो त्याला पोर्तुगीज कप्तानाला विकतो आणि किंमतही सांगतो: चांदीची साठ नाणी. थोडं मन खातं, पण दहा वर्षांनी, पोरगा ख्रिस्ती झाला तर, सोडून द्यायच्या बोलीवर व्यवहार पुरा होतो.

दादाला सांगितलं, मी खरा म्हणाले, चांगला नाही म्हणाले. ती किंमत त्यानं लपवली असती तर तो आपल्याला चांगला वाटला असता, आणि ते जास्त वाईट.

३ मे

मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८). ‘मी’च्या पोटात ‘मी’: वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो, पत्रांत व्हिक्टर आपली कहाणी सांगतो, व्हिक्टरच्या कहाणीत त्यानं घडवलेला प्राणी बोलतो.

व्हिक्टर मला आवडला नाही. पानोपानी सुस्कारे, आजारपणं, पर्वत. आणि एवढा प्रयोग केला त्याचा खर्च? साहित्य, खोल्या, महिनोन्‌महिने काहीही न कमावता राहणं, यातलं काही नाही. श्रीमंत बापाचा मुलगा, त्याला तो प्रश्नच पडत नाही. सांगवीकरला निदान बाप आठवायचा.

प्राणी बोलायला लागतो तिथे पुस्तक जागं होतं. तो एका गरीब घराला लागून असलेल्या पडवीत लपून राहतो, फटीतून बघतो, रात्री त्यांच्यातलं थोडं चोरून खातो. मग त्याला कळतं की यांच्याकडेच पुरेसं नाही. तो चोरी थांबवतो, रानातली फळं-मुळं खातो, आणि रात्री त्यांच्याच हत्यारांनी लाकडं तोडून दारात आणून टाकतो. त्यांना कळत नाही ही लाकडं कुठून येतात. भाषा शिकायच्या आधी हा हिशेब शिकलेला. पुढे तो चोरून ऐकत असतो आणि कुणाकडे अमाप संपत्ती, कुणाकडे काहीच नाही, हे त्याला तिथेच कळतं. आपल्याकडे पैसा नाही, मित्र नाही, मालमत्ता नाही, अशी यादी तो स्वतःची करतो.

वॉल्टनलाही कमी लेखू नये. पहिल्याच पत्रात तो सांगून टाकतो की चुलतभावाची संपत्ती त्याला वारशानं मिळाली, आणि मालकाच्या विम्याचे पैसे भरले की जहाज भाड्यानं सहज मिळतं. उत्तर ध्रुवाच्या स्वप्नांमध्ये मधेच विमा! बहिणीला लिहितोय ना. तिला ‘कसंबसं जमवलं’ चाललं नसतं.